काटकसरीचा जमाखर्च

काटकसर हा गुण आपल्या समाजात इतका खोल रुजला आहे, की त्याची उलटतपासणी करावी असे सहसा कोणास सुचत नाही. उधळ्या माणसास लोक दोष देतात, कृपणास हसतात. काटकसरी मनुष्य मात्र दोघांच्या मध्ये उभा राहून सर्वांची शाबासकी घेतो. आम्हीही आमच्या काटकसरीचा अभिमान बाळगून होतो. विशेषतः परगावी असताना घरच्या माणसांशी दूरध्वनीवर बोलण्यात आम्ही जो पैसा वाचविला, त्याच्या कथा आम्ही आमच्या मुलीस अनेकदा कौतुकाने सांगितल्या आहेत. गेल्या दिवाळीत निपाणीच्या घरी एक गोष्ट सहज बोलण्यात निघाली आणि या अभिमानास तडा गेला. त्या निमित्ताने या काटकसरीचा हिशेब एकदा नीट मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हिशेब हा शब्द आम्ही सहेतुक योजला आहे. आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत हिशेबनीस होते. आमच्या घरात बोलणे कोकणीतून चाले, पत्रव्यवहार मराठीतून; पण जमाखर्चाची भाषा ही वडिलांची तिसरी मातृभाषाच होती. ते नेहमी सांगत, की रक्कम आकाशातून पडत नाही. ती एकाच्या जमेस आली, तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलेली असलीच पाहिजे, आणि ते नाव सापडेपर्यंत वही मिटता कामा नये. हे तत्त्व वखारीच्या वहीपुरतेच आहे असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो.

दूरध्वनी आम्ही प्रथम पाहिला तो त्या वखारीतच. भारतात दूरध्वनीची एक्सचेंजे १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. परंतु त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी सामान्य माणसाच्या घरात ते यंत्र पोचले नव्हते. मुंबईच्या काकांशी काही निकडीचे बोलायचे झाले, म्हणजे मालकांची परवानगी घेऊन वडील तेथून ट्रंककॉल लावीत. एक्सचेंजमधील ऑपरेटरला नंबर सांगावयाचा आणि रिसीव्हर खाली ठेवून वाट पाहत बसावयाचे. जोडणी कधी तासाभराने मिळे, कधी संध्याकाळ होई. साध्या कॉलला एक दर, तातडीच्या कॉलला दुप्पट, आणि ‘लाइटनिंग’ म्हणून जो प्रकार होता त्याचा विचार आमच्यासारख्यांनी करण्याचे कारणच नव्हते. आकारणी तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने होई. म्हणून वडील बोलावयाचे मुद्दे आधी एका चिठ्ठीवर उतरवीत : आजीची प्रकृती, जमिनीचा कागद, आत्याच्या मुलीचे स्थळ. पलीकडे काकांपुढेही तशीच चिठ्ठी असे. तीन मिनिटांत दोन घरांचा कारभार उरकला जाई. त्यात कुशल विचारणारे एक वाक्य आरंभी असे आणि नमस्काराचे एक शेवटी. मधल्या जागेत मायेला वाव नसे. ती सवडीने पोस्टकार्डावर उतरे.

आमच्या भागात या काटकसरीला आणखी एक कारण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाचा ऊहापोह येथे करण्याचे प्रयोजन नाही. २००४ सालापासून तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच, की राज्याची रेषा बदलली तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर, जेथे गावची मुले कॉलेजला जातात, ते महाराष्ट्रात. आणि आमच्यासारख्यांची कुलदैवते घाटाखाली गोव्यात. बेळगावचा दूरध्वनीचा संकेतांक ०८३१, पणजीचा ०८३२ आणि कोल्हापूरचा ०२३१. एकेका अंकाच्या फरकात आमची सारी नाती विखुरलेली. पुढे मोबाइल आले तेव्हाही त्यांची मंडले बहुतेक राज्यांच्या सीमांप्रमाणेच आखलेली होती; सीमेवरच्या गावात बसल्या जागी खिशातल्या यंत्राने पलीकडचा मनोरा धरला, की ‘रोमिंग’चा आकार पडे. अशा मुलखात बोलण्याचा खर्च मोजण्याची सवय लहानपणापासून अंगवळणी पडते.

वडील वारले त्याच्या पुढच्या वर्षी, १९९६ साली, आम्ही कायद्याच्या शिक्षणासाठी पुण्यास गेलो. तोपर्यंत ट्रंककॉलचे दिवस सरत आले होते. ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून स्वतःच आकडे फिरवून परगावी बोलण्याची सोय, जिला आपण एस.टी.डी. म्हणतो, आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये प्रथम सुरू झाली होती. आमच्या पिढीस ती भेटली पिवळ्या पाटीच्या बूथच्या रूपाने. काचेची अरुंद खोली, आत एक स्टूल, भिंतीवर तांबडे आकडे दाखविणारे मीटर. अंतर जितके अधिक तितके त्या मीटरचे ठोके जलद पडत. मात्र दिवस मावळला की दर टप्प्याटप्प्याने उतरू लागत, आणि रात्री अकरापासून पहाटे सहापर्यंत ते दिवसाच्या चौथाईवर येत. त्यामुळे पावणेअकरापासूनच बूथबाहेर विद्यार्थ्यांची रांग लागे. आम्ही दर शनिवारी त्या रांगेत असू. आमच्या घरी तेव्हा दूरध्वनी नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता. अकरा वाजून गेल्यावर आमचा नंबर लागे, काकूंकडील घंटा वाजे, आणि पहिल्याच घंटेस आईचा आवाज येई. ती इतक्या तत्परतेने कशी येते, असा प्रश्न आम्हांस तीन वर्षांत एकदाही पडला नाही.

दुसराही एक प्रश्न त्या वयात आमच्या मनात फार घोळत असे, तो असा. सुटीहून परत आल्यावर सुखरूप पोचल्याची वर्दी देण्यासाठी आम्ही काकूंकडे दोनदा घंटा वाजवून रिसीव्हर खाली ठेवीत असू. तिकडे उचलला नाही म्हणजे आकार पडत नसे, आणि निरोप मात्र पोचे. ही चोरी आहे की नाही, यावर वसतिगृहात आम्ही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी रात्री जागविल्या. एक पक्ष म्हणे, की सरकारी तार वापरून निरोप धाडला आणि मोल दिले नाही, तेव्हा ही लबाडीच. दुसरा म्हणे, की दूरध्वनी खात्याने आकार ठेविला आहे तो संभाषणावर, घंटेवर नव्हे, जे विकावयास ठेविलेलेच नाही त्याची चोरी कशी होईल? आज वकिलीत वीस-बावीस वर्षे घालविल्यावर आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. नियम करणाराने जी फट मोकळी ठेविली, तिच्यातून गरिबाने आपली खुशाली कळविली तर त्यास फार दोष देता येणार नाही. परंतु येथे सांगावयाची गोष्ट निराळी आहे. खात्याच्या एका घंटेचे देणे आपणांस लागते की काय, यासाठी आम्ही इतके सूक्ष्म झालो. आणि ज्या मोठ्या रकमेचे देणे दर शनिवारी आमच्या खात्यावर चढत होते, तिचा आम्हांस गंधही नव्हता.

गेल्या दिवाळीत काकू फराळास आल्या होत्या. जुन्या गोष्टी निघाल्या. आम्ही मुलीस पुण्याच्या बूथची कथा पुन्हा एकदा रंगवून सांगू लागलो, तेव्हा काकू सहज म्हणाल्या, “तू तिकडे रांगेत उभा असायचास आणि इकडे तुझी आई आमच्या पडवीत. दहापासून येऊन बसायची. पेंगायला लागली की उठून तुळशीशी दोन फेऱ्या घालायची. हे आत झोपलेले असायचे, म्हणून मला दार उघडं ठेवून जागं राहावं लागायचं.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आम्ही दोघी तर साडेचारला उठणाऱ्या. पहाटे केला असतास तरी चाललं असतं की रे!”

काकूंच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. पण आम्ही फराळाचे ताट तसेच धरून बसलो. आई रात्री नवाला निजणारी. पहाटे साडेचारला उठून स्नान, पूजा करणारी. तो नेम तिने वडिलांच्या पश्चात एक दिवसही मोडलेला नाही. शनिवारी ती मध्यरात्रीच्या सुमारास निजे आणि रविवारी नेमक्या वेळी उठे. वर्षाचे पन्नास शनिवार धरले, तरी तीन वर्षांत दीडशे रात्री होतात. आणि जागरण एकीचे नव्हे, दोघींचे. आम्ही पाव दराने बोललो ही गोष्ट खरी. उरलेला बारा आणे भाग मात्र या दोन स्त्रियांनी झोपेच्या रूपाने भरला होता. वडील असते तर त्यांनी विचारले असते, की रक्कम तुझ्या जमेस दिसते खरी, पण पडली कोणाच्या नावे?

आम्ही आईस विचारले, हे कधी सांगितले का नाहीस? तिने हसून उत्तर दिले, “मागीर कितें जालें? जप तरी जातालो न्हय!” तेवढ्या वेळात माळ ओढून होई, तेव्हा तिच्या लेखी विषय संपला. आमच्या लेखी तो तेथून सुरू झाला.

आमच्यातला वकील प्रथम बचावास उभा राहिला. जो राजीखुशीने एखादी गोष्ट पत्करतो, त्यास तिच्यामुळे अन्याय झाला असे म्हणता येत नाही, हे कायद्याचे जुने सूत्र आहे. आईने जागरण पत्करले. किंबहुना त्यात तिला आनंद होता. मग दोष कसला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु ज्यास दुसरा मार्गच ठेविलेला नाही, त्याची संमती न्यायालय सहसा खरी संमती मानीत नाही. आईपुढे दोनच पर्याय होते : अकरापर्यंत जागणे, किंवा मुलाचा आवाज न ऐकणे. वेळ आम्ही ठरविली होती. तिला विचारून नव्हे, दरपत्रक पाहून.

मग आम्ही दुसरा आधार पाहिला. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या सत्तराव्या कलमात असे म्हटले आहे, की एखाद्याने दुसऱ्यासाठी विधियुक्तपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या लाभाची भरपाई त्याने केली पाहिजे. या कलमाखाली आईचा दावा उभाच राहत नाही. कारण तिने जे केले ते फुकट करण्याच्याच हेतूने केले. न्यायालय तिला रिकाम्या हाताने परत पाठवील, आणि ते योग्यच आहे. आईच्या जागरणाची किंमत ठरविण्याचे काम न्यायाधीशाकडे जावे असे कोण म्हणेल? तथापि कायदा जेथे हात टेकतो, तेथे आपल्या परंपरेने एक जुना शब्द ठेवून दिला आहे, तो म्हणजे ऋण. मनुष्य ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे जन्मतःच घेऊन येतो, हा विचार थेट तैत्तिरीय संहितेत आलेला आहे. या ऋणांना करारनामा नाही, मुदत नाही, मागणीची नोटीसही नाही. धनको मागत नाही म्हणून ज्यास मुदतबाह्य म्हणता येत नाही, असे हे एकच देणे. देणाऱ्याने आनंदाने दिले, याने घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आनंद हा देणाऱ्याचा. आपण काय घेतले हे जाणणे, हे घेणाऱ्याचे कर्तव्य.

येथे एक शंका उद्भवते, आणि ती रास्त आहे. मग काय दिवसाच्या भर दराने बोलावयाचे होते? आमच्याजवळ ठरावीकच पैसे होते. त्यांत दिवसा महिन्यातून एकदाच बोलता आले असते. रात्री चार वेळा बोलता आले. तेव्हा ती काटकसर आईच्याही हिताची नव्हती काय? होती, हे आम्ही कबूल करतो. गरिबाच्या काटकसरीची टवाळी करण्याचे पातक आम्हांस नको. गाठीला पैसा नसताना ज्यांनी तारेतील एकेक शब्द मोजला, पोस्टकार्डाच्या कडा भरून काढल्या, आखातातून पत्राऐवजी आपल्या आवाजाची ध्वनिफीत घरी धाडली, त्यांनी नाती राखण्यासाठीच ते केले. आमचा दोष रात्रीच्या दराने बोलण्यात नव्हता. तो काकूंच्या शेवटल्या वाक्यात आहे. पाव दर पहाटे सहापर्यंत असे. बसस्थानकाजवळचे एक बूथ रात्रभर उघडे असे, हेही आम्हांस ठाऊक होते. साडेपाच वाजता आम्ही तेथे गेलो असतो, तर एक पैसाही अधिक न लागता आईस तिच्या सवडीच्या वेळी बोलता आले असते. दोघींची झोप वाचली असती. फक्त पहाटे उठावे लागले असते, आणि तेही आम्हांस. बचत तितकीच झाली असती. नावे मात्र आमच्या पडली असती. हे आमच्या ध्यानात आले नाही असे म्हणणे अर्धसत्य होईल. रविवारी पहाटे उठणे आम्हांस नको होते, म्हणूनच ते ध्यानात आले नाही.

ही सारी जुनी गोष्ट झाली, आता दूरध्वनी जवळजवळ फुकट आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. १ मार्च २००६ पासून ‘वन इंडिया’ योजनेखाली देशात कोठेही मिनिटास एक रुपया दराने बोलता येऊ लागले. २०१६ नंतर तर एकदा महिन्याचे शुल्क भरले, की बोलण्याचा वेगळा आकार राहिला नाही. साता समुद्रांपलीकडे असलेली मुले आता समोर दिसतात. पण काटकसर संपली काय? आम्ही आमच्यापुरते पाहिले. आज आम्ही बेळगावात वकिली करतो आणि आई निपाणीस असते. पैसा वाचविण्याचे कारण उरले नाही, तेव्हा आम्ही वेळ वाचवू लागलो आहोत. न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकारा होईपर्यंत जी चार-पाच मिनिटे मिळतात, ती आईची. ती देवळातील उत्सवाची हकीकत सांगू लागते, निम्म्यावर येते, आणि आमच्या प्रकरणाचा पुकारा होतो. “मागाहून करतो,” असे म्हणून आम्ही खिशात यंत्र टाकतो. तो ‘मागाहून’ पुढल्या तारखेसारखा लांबत जातो. पूर्वी तिला निदान शनिवारची रात्र ठाऊक होती. आता वेळच ठरलेली नाही. म्हणून ती यंत्र स्वयंपाकघरात नेते, न्हाणीच्या दाराशी ठेवते, दुपारी उशाशी घेते. पूर्वी आठवड्यातून दोन तासांची वाट होती, आता दिवसभराची आहे. रुपया आमचा वाचत होता तेव्हाही भरणारी तीच, आणि मिनिट आमचे वाचते आहे तेव्हाही भरणारी तीच.

मुलगी बंगळुरास शिकते. तीही बसमधून बोलते, आणि “बाबा, माझा स्टॉप आला” म्हणून ठेवून देते. पलीकडची जागा कशी असते, हे त्यामुळे आम्हांस हळूहळू कळू लागले आहे. तिला रागे भरण्याचा अधिकार आम्हांस नाही. वहीतले मागचे पान आमच्या हस्ताक्षरातले आहे.

सारांश, काटकसर वाईट नाही. पण ती केली असे म्हणण्यापूर्वी ती कोणाच्या नावे पडली, हे एकदा पाहिले पाहिजे. जी स्वतःच्या सोयीतून, स्वतःच्या आळसातून, स्वतःच्या झोपेतून काढली, तिला खुशाल काटकसर म्हणावे. जी न विचारता दुसऱ्याच्या खात्यातून उचलली, ती कितीही थोडी असली तरी ती उचल आहे. आणि उचल फेडावी लागते. विशेषतः घरातील माणसे मागत नाहीत, म्हणून तेथे हे पाहणे अधिक अगत्याचे. परक्याचे देणे बुडविण्यास आपल्याला भय वाटते, कारण तो दारात येऊन उभा राहील. आपले माणूस पडवीत जप करीत बसते.

आम्ही काय ठरविले तेही सांगतो. आईस विचारून वेळ घेतली : रविवारी पहाटे साडेपाच, तिची पूजा आटोपल्यावर. २००१ साली घरी घेतलेला स्थिर दूरध्वनी तिने अजून ठेविला आहे. त्याची घंटा तिला नीट ऐकू येते. पहिल्या रविवारी घंटा वाजताच तिने घाबरून विचारले, “कितें जालें रे? सगळीं बरीं आसात न्हय?” वेळ आधी ठरलेली असूनही ती घाबरली, पहाटेची घंटा वाईट बातमीची, असे तिच्या पिढीच्या मनावर ठसलेले आहे. सारे बरे आहे, केवळ बोलण्यासाठी केला, हे तिला पटावयास तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी तिने काही विचारले नाही. देवळातील उत्सवाची ती निम्म्यावर राहिलेली हकीकत तिने पहिल्यापासून सांगावयास घेतली, आणि आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.